उतार मोटारसायकलसाठी, पायऱ्या माणसासाठी
(सर्वांसाठी बाजार : लेखांक ७)

गेल्या लेखांकात आपण पाहिले की २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. कंपनी, पेढी, सहकारी संस्था, न्यास, कारखाना हे सगळे त्याच्या कक्षेत येतात आणि कलम ४६ तर सेवा देणाऱ्या सरकारी व खासगी अशा दोघांनाही बांधते. त्यावर पहिली शंका येते ती अशी की, हे सगळे पुण्या-मुंबईच्या मॉलना ठीक आहे, लहान गावातल्या दुकानदाराने काय करायचे? म्हणून या वेळी गावच घेऊ. परभणी-परळी लोहमार्गावर परभणी आणि गंगाखेड यांच्या मध्ये पोखर्णी नृसिंह हे स्थानक आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. देवस्थानाच्या गावातल्या व्यापाराची एक खासियत असते : गिऱ्हाईक आपण होऊन येते. नारळ, प्रसाद, चहा-फराळ, खेळणी, कटलरी यांची विक्री यात्रेकरूच्या पायांवर चालते, आणि यात्रेकरूंमध्ये गुडघे धरलेल्या आजी, काठी टेकत येणारे आजोबा, लहानपणी पोलिओ झालेले शेतकरी हे अपवाद नसतात. अशा गावातल्या धंद्याने दिव्यांग गिऱ्हाइकाचा विचार शहराच्या आधी करायला हवा होता. तो झाला नाही, याचे कारण पैसा आहे असे मला वाटत नाही.

मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजारगावातले दुकान डोळ्यांपुढे आणा. रस्ता, मग उघडी नाली, नालीवर टाकलेली शहाबादी फरशी, मग दोन-तीन पायऱ्या आणि त्यावर ओटा. ही रचना कुणी दुष्टपणाने केलेली नाही. काळ्या मातीत पाऊस पडला की चिखल होतो, नाली तुंबली की पाणी आत शिरते, आणि रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो म्हणून मालक जोते आणखी उंच धरतो. पण याच ओट्यांकडे नीट पाहिले तर अनेक ठिकाणी एका बाजूला सिमेंटचा अरुंद उतार दिसतो. तो रात्री मोटारसायकल आत घेण्यासाठी असतो. म्हणजे चाक असलेली वस्तू पायरी चढत नाही हे दुकानदाराला पक्के ठाऊक आहे, त्यासाठी त्याने गवंडीही बोलावला आहे आणि सिमेंटही आणले आहे. फक्त चाकावर माणूस बसून येईल हे त्याच्या हिशेबात नव्हते. मला हा प्रश्न खर्चाचा न वाटता कुणाला गिऱ्हाईक मानायचे याचा वाटतो, तो यामुळेच.

यावर दुकानदाराचे उत्तर तयार असते : ‘असे गिऱ्हाईक आमच्याकडे येतच नाही.’ हे उत्तर प्रामाणिक असते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. जिथे चढताच येत नाही तिथे कुणी दिसत नाही, यावरून माणसेच नाहीत असे ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशातल्या या संख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहतात. म्हणजे हा प्रश्न शहरी असल्याची समजूत आकड्यांनीच मोडते. शिवाय जनगणनेचा २.२१ टक्के हा आकडा तोकडा मानायला जागा आहे. जागतिक आरोग्य संघटना जगातले प्रमाण १६ टक्के, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, असे धरते. फरक पडतो तो प्रश्न कसा विचारला जातो यामुळे. ‘घरात कुणी अपंग आहे का’ असे विचारले तर कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना कुणी मोजत नाही, आणि मुलीच्या लग्नाच्या काळजीने काही गोष्टी सांगितल्याच जात नाहीत. आणि गंमत अशी की, एसटीने दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत दिली आहे. सरकार पदरचे पैसे घालून या प्रवाशाला बाजाराच्या तोंडाशी आणून सोडते. तिथून पुढे हॉटेलच्या पायऱ्या त्याला अडवतात आणि तो सोबतच्या माणसाला म्हणतो, ‘तू चहा घेऊन ये, मी इथंच थांबतो.’ तो एक चहा विकला जातो, त्याच्या सोबतीचे खाणे, दुसरा चहा, घरच्यांसाठीची खरेदी मात्र विकली जात नाही. हे नुकसान दुकानदाराच्या वहीत कुठेच दिसत नाही, म्हणून त्याला ते होत नाही असे वाटते.

आता खर्च आणि जागा. इथे आक्षेपात दम आहे आणि तो उडवून लावणे बरोबर नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ ला १२ धरतात : एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांची एकच पायरी असेल तर सहा फुटांचा उतार पुरतो, आणि तो लोखंडी पत्र्याचा, सकाळी टाकून रात्री उचलून ठेवण्याजोगाही करता येतो. पण ओटा दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट उतार लागेल, आणि तो सरळ काढला तर रस्ता अडवेल. मोटारसायकलचा उतार उपयोगी पडत नाही तो याचसाठी. तो इतका उभा असतो की खुर्ची मागे उलटते. मग करायचे काय? एकेका दुकानाने स्वतंत्र उतार काढण्याचा हट्ट सोडावा. एका ओळीतली चार-पाच दुकाने एकाच उंचीच्या ओट्याने जोडली आणि ओळीच्या टोकाला, भिंतीला समांतर असा एकच लांब उतार दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च थोडा येतो आणि रस्ताही मोकळा राहतो. जुन्या दुकानात तेही जमत नसेल तर विक्रीची एक फळी खाली रस्त्याच्या पातळीला आणावी. बसलेल्या माणसाचा हात पोहोचायला गल्ला जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असावा लागतो, हा नियम सुताराला सांगायला काही खर्च येत नाही. नवे बांधकाम असेल तर मात्र सबब चालणार नाही, कारण आराखड्यातच धरलेला उतार नंतर फोडून केलेल्या उतारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

‘उतार कशाला, आम्ही चौघे मिळून उचलून आत घेतो की,’ असेही म्हटले जाते. माणुसकी म्हणून ते खरेच आहे. गावात हात पुढे येतात, शहरात येत नाहीत. पण ही मदत घेणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. चार अनोळखी पुरुषांनी उचलून नेणे कोणत्या बाईला आवडेल? तिला काय हवे असते तर दहा रुपयांच्या बांगड्या, तेही स्वतः निवडून. उचलून घेतलेला माणूस घासाघीस करत नाही, आवडले नाही तर उठून दुसऱ्या दुकानात जात नाही; तो पाहुणा असतो, गिऱ्हाईक नसतो. मदत असावी, पण उतार आहे म्हणून ती कमी लागावी.

पायरीवर इतके लिहिले म्हणजे दिव्यांग म्हणजे चाकाची खुर्ची, असे कुणी समजू नये. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना सिमेंटची गरजच नाही. दृष्टिहीन गिऱ्हाइकाची अडचण घ्या. नव्या मालिकेत २०० ची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि ५०० ची १५० मिलिमीटर. रुंदी दोन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत बोटांनी ओळखायचा! नोटेवर उठावाच्या खुणा असतात, पण वापरून त्या झिजतात. सुटे परत देताना दुकानदाराने ‘ही दोनशेची, ही पन्नासची’ असे एकेक नोट हातात ठेवत म्हटले तर काम झाले. कर्णबधिरांसाठी दराची पाटी ठळक अक्षरांत लावावी, बोललेली रक्कम मोबाइलच्या पडद्यावर लिहून दाखवावी. मतिमंद मुलाला सोबत आणणाऱ्या आईकडे आणि त्या मुलाकडे टक लावून न पाहणे, यालाही खर्च नाही.

गिऱ्हाइकाइतकाच महत्त्वाचा दुसरा पक्ष कामगाराचा. ‘त्यांना काम झेपत नाही, वर जबाबदारी आमच्यावर’ या समजुतीला महाराष्ट्रातच उत्तर दिले गेले आहे. ऐन तारुण्यात पायांतली शक्ती गमावून चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग दिव्यांग स्त्री-पुरुषांच्या हातांवर चालवून दाखवला. काजू सोलणे, प्रतवारी करणे ही बसून करायची कामे आहेत. तिथे पायांपेक्षा बोटे आणि नजर लागते. हा उद्योग संस्थेचा होता, नफ्यावर जगणाऱ्या एकट्या मालकाचा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तरीही त्यातला धडा परभणी जिल्ह्यात लागू पडतो : आधी कामाचे तुकडे पाडा, मग पाहा कोणत्या तुकड्याला कोणता अवयव लागतो. पाकिटे भरणे, जमाखर्च, शिलाई, मोबाइल दुरुस्ती, सेवा केंद्रातले अर्ज भरणे, यांतल्या कोणत्या कामाला धावपळ लागते? वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचे धोरण सविस्तर मांडावे, पदे निश्चित करावीत, असे दिव्यांग हक्क कायद्याखालचे २०१७ चे नियम सांगतात. त्याहून लहान दुकानावर तो तपशिलाचा भार नाही, पण भेदभाव न करण्याचे बंधन आहेच.

शेवटचा आक्षेप कायद्यावरचा आहे आणि तो खरा आहे : कायदा कागदावर राहतो. आधीच्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात २०१७ च्या नियमांतला सुगमतेचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण जे बंधनकारक हवे ते त्यात शिफारशीसारखे उरले होते. तीन महिन्यांत सक्तीचे निकष ठरवा, असा आदेश केंद्राला दिला. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या धाकाने बांधलेला उतार तपासणीपुरताच होतो, आणि वर त्यावर मालाची पोती रचली जातात. गावासाठी जवळची वाट वेगळी आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. बहुतेकदा त्यातून वस्तू वाटल्या जातात. नाली बांधून झाकणे आणि दुकानांच्या ओळीला सामाईक उतार देणे ही कामे गावाच्या विकास आराखड्यात घालून घेता येतात. त्यासाठी दुकानदार आणि दिव्यांग ग्रामस्थ यांनी एकत्र सही केलेला अर्ज येत्या ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये.