मानेत गाठ नसतानाही शस्त्रक्रिया का?

बरकतपुरा-काचीगुडा परिसरातील मराठी कुटुंबांतून तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण माझ्याकडे येतो, तेव्हा नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, जखम जिभेवर आहे, मानेत गाठ लागत नाही, मग मानेवर शस्त्रक्रिया कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर मुंबईने दिले आहे.

जिभेच्या वा गालाच्या कर्करोगाच्या पेशी बहुधा प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत उतरतात. आरंभी त्या इतक्या थोड्या असतात की बोटांना वा सोनोग्राफीलाही त्यांचा पत्ता लागत नाही. ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद अनेक वर्षे चालला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ पासून आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी जगण्याचे प्रमाण ८० टक्के, तर वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के होते.

या शस्त्रक्रियेची भीती जुन्या पद्धतीमुळे आहे. १९०६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडून तिचा पाया घातला. त्या पद्धतीत ग्रंथींसोबत मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नसही जात असे. आज गाठ नसलेल्या मानेत हे तिन्ही राखले जातात. हनुवटीखालून मानेच्या मध्यापर्यंतच्या ग्रंथी भोवतीच्या चरबीसह एकसंध काढल्या जातात. खालच्या ओठाची नसही जपली जाते. ग्रंथींच्या तपासणीवरून पुढे रेडिएशन हवे की नाही, हेही ठरण्यास मदत होते.

तरीही, नस शाबूत राहिली तरी ताणाने खांदा काही काळ दुखतो. केस विंचरताना, फळीवरचा डबा काढताना हात वर जात नाही. म्हणून खांद्याचे व्यायाम हा उपचाराचाच भाग समजावा.

व्यवसायबंधूंना विनंती, तीन आठवड्यांत न भरलेल्या तोंडातील जखमेचा तुकडा तपासणीस पाठवावा. कर्करोग ठरल्यास मानेविषयीही तेव्हाच बोलावे. आणि वाचकांना सांगणे एवढेच, की ‘गाठ नाही’ म्हणून थांबू नये. गाठ नाही तोवरच ही शस्त्रक्रिया सर्वांत सोपी असते.