हेडफोन भेट देताना कान मोजा

भाऊबीजेला किंवा वाढदिवसाला द्यायच्या वस्तूंमध्ये मोठा, कानावर बसणारा हेडफोन आता घड्याळाच्या जागी आला आहे. बजेट बहुधा दीड-दोन हजारांचे. निवडताना नजर जाते ती रंगावर, बॅटरी किती तास चालते यावर आणि ‘एक्स्ट्रा बास’ या शब्दांवर. ज्याच्या डोक्यावर तो रोज दोन-तीन तास बसणार, त्याचे डोके आणि कान मात्र कोणी विचारात घेत नाही. मग महिन्याभरात हेडफोन कपाटात जातो. किंवा वापरला जातो, पण आवाज वाढवून. हे अधिक वाईट.

आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, सुमारे 15 हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेश त्याच बनवतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मेल्या, की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. मुलांसाठी 75 डेसिबल. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला जेमतेम 5. रोज लोकलने ये-जा करणारा मुलगा गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढवतो, तेव्हा आठवड्याचा हा कोटा दोन-तीन दिवसांतच संपू शकतो.

इथे आराम आणि सुरक्षितता एकमेकांना जोडलेले आहेत. गादी कानाभोवती सलग टेकली, तर बाहेरचा गोंगाट बराच अडतो आणि आतला खर्ज टिकतो. फट राहिली, की खर्ज निसटतो, गाणे पोकळ वाटते आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. चष्म्याची काडी अशी फट हमखास पाडते. म्हणून चष्मेवाल्यांसाठी मऊ, जाड गादी हवी. कडक गादी काडीला कानशिलावर दाबते आणि तासाभरात डोके दुखू लागते.

फोटोत कानावर टेकणारा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन सारखाच दिसतो. घ्यायचा तो दुसरा. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर उंच असतो आणि वयाबरोबर तो थोडा लांबतही जातो. त्यामुळे वाटीची आतली पोकळी त्याहून मोठी, शक्यतो लंबगोल असावी. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असले तर बरे. दुकानात दोन मिनिटे नव्हे, चांगली दहा-पंधरा मिनिटे घालून बसा. दाब पाचव्या मिनिटाला कळत नाही, पंधराव्याला कळतो. ऑनलाइन घेणार असाल, तर उघडलेला हेडफोन परत घेतात का, हे आधी वाचा.

आपल्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गादीखाली घाम साचतो आणि दोन पावसाळ्यांत तिची सालपटेही निघू लागतात. कापडी गादी थंड राहते, पण आवाज थोडा कमी अडवते. मी बदलता येणारी गादी असलेला हेडफोन निवडेन. ‘नॉइज कॅन्सलेशन’ पंखा, इंजिन असा एकसुरी, खालच्या पट्टीचा आवाज चांगला दाबते. शेजाऱ्यांच्या गप्पा तितक्याशा नाही. या किमतीत ते बऱ्याचदा खोक्यावरच जास्त असते. तेच पैसे गादीत गेलेले बरे. आणि हेडफोन घालून रस्ता ओलांडणे किंवा गाडी चालवणे नाहीच.

शाळकरी भाचा असेल, तर भेट देताना त्याच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा तिथेच बसवून द्या. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू आली नाही, तर गाणे मोठे आहे.

वडिलांसाठी घेत असाल, तर आणखी एक पाहा. टीव्हीचा आवाज त्यांना हल्ली वाढवावा लागतो का? फोनवर ‘काय म्हणालास?’ वाढले आहे का? तसे असेल तर हेडफोन घेण्याआधी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या. हेडफोन पुढच्या महिन्यात घेता येईल.