आधी जिना, मग सिलिंडर

सरकारी इमारतीत अग्निसुरक्षेच्या तपासणीला गेलो की साहेबांच्या केबिनमध्ये चहाला बसण्याआधी मी जिना चढतो. आगीत लिफ्ट वापरायची नसते. माणसं जिन्यानंच सुटतात. आणि नेमके तिथेच फायलींचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या, बाद झालेलं कपाट. एका कचेरीत मागच्या दाराला कुलूप होतं, किल्ली रजेवरच्या शिपायाकडे. कुलूप काढायला लावलं, तेव्हाच पुढे गेलो.

मग आग विझवायचे सिलिंडर. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळी चिरली आहे का, हे हातात घेऊनच कळतं. राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कागद बहुधा असतो. तरी पंप सुरू करून वरच्या मजल्यावर पाणी चढतं का, हे मी पाहतोच.

21 जून 2012 ला मंत्रालय पेटलं. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बाळं गेली. तेव्हापासून रुग्णालयात मी रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारतो, "सिस्टर, बाळांना कुठल्या दारानं बाहेर न्याल?" उत्तर अडखळलं, तर तिथंच तालीम घेतो.