चवदार तळे आणि फत्तेखान यांची जमीन

महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमान पाणी भरत. गुरेढोरेही तिथे पाणी पीत. मनाई होती ती फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना.

कागदावर ही मनाई उठली होती. सी. के. बोले यांच्या ठरावाने 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या केल्या. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. तरी घागर घेऊन तळ्यावर जाण्याची कुणाची छाती होत नव्हती.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतील लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता मंदिरातही शिरणार, अशी आवई उठली. परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. मार खाल्लेल्या काहींना मुसलमानांनी आपल्या घरात आसरा दिला. पुढे तळे ‘बाटले’ म्हणून त्याचे शुद्धीकरण झाले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, पण मंडप घालायला महाडात कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच मंडपाजवळ 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाच्या मनाईमुळे त्या वेळी तळ्यावर जाता आले नाही. खटला दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

अमेरिकेत माँटगोमेरी शहरातील काळ्या लोकांनी बसमधील भेदभावाविरुद्ध 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला. तो लढा डिसेंबर 1955 मध्ये सुरू झाला, म्हणजे महाडनंतर 28 वर्षांनी. आपल्या मुलांना रोझा पार्क्स यांचे नाव माहीत असते, फत्तेखान यांचे मात्र क्वचितच.

फत्तेखान यांना स्वतःला पाण्याची अडचण नव्हती. तळे त्यांना खुलेच होते. गप्प बसले असते तर कुणी बोट दाखवले नसते. गावाचा रोष पत्करून त्यांनी दुसऱ्याच्या पाण्यासाठी जमीन दिली, हे मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

तहानलेल्याला पाणी पाजणे आपण सवाबाचे काम मानतो. आमच्या गेवराईकडे उन्हाळ्यात टँकर आला की रांग लागते. त्या रांगेत कुणाला मागे ढकलले जाते का, हे पाहणे आणि तसे दिसले तर बोलणे, हेही त्याच कामात येते.