झोप उडाली, दोष विजेचा की कामाचा?

भगिनींनो, आपल्या चाळींत, वस्त्यांत एकाच खोलीत सारा संसार असतो. भिंतीपलीकडे विजेचे मीटर, अलीकडे बाईचे अंथरूण. पायथ्याशी फ्रीज, उशाला चार्जर. रात्र रात्र डोळा लागत नाही, तेव्हा कुणीतरी सांगते, "हा विजेच्या लहरींचा परिणाम." मग लहरी शोषणारे लॉकेट विकणारा दारात हजर! तथागतांनी कालामांना सांगितले होते, ऐकीव आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. तसेच आपणही करू.

तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. भिंत त्याला अडवत नाही, पण अंतर वाढले की ते झपाट्याने कमी होते. ते मायक्रोटेस्लात मोजतात. फ्रीजपासून 3 सेंटिमीटरवर ते 0.5 ते 1.7 असते, 1 मीटरवर 0.01 हूनही कमी. सामान्य जनतेसाठी 2010 ची आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 आहे.

अंधार पडला की मेंदूतील एक ग्रंथी झोपेला मदत करणारे मेलाटोनिन सोडते. अमेरिकेतील सिॲटल येथे सुमारे 200 स्त्रियांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत हे क्षेत्र जास्त, त्यांच्यात मेलाटोनिन थोडे कमी आढळले. विशेषतः काही औषधे घेणाऱ्या स्त्रियांत. मात्र सर्वच अभ्यासांत तसे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सारे अभ्यास तपासले, तेव्हा पुरावा अपुरा ठरला. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाविषयी शंका असल्याने 2002 साली या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले आहे. म्हणून घाबरू नये, पण साधी काळजी घ्यावी.

मग झोप कोण चोरते? 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज 299 मिनिटे त्यात जात होती, पुरुषांची 97. 2019-21 च्या पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. लोह कमी असले की रात्री पाय वळवळतात, झोप मोडते. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, तेही कारण असते.

बाबासाहेबांनी मजूर मंत्री असताना 1946 साली कारखान्यातील काम आठवड्याला 48 तासांवर आणणारे विधेयक मांडले. घरातल्या बाईच्या कामाला मात्र अजून भोंगा नाही!

तेव्हा एवढे करा. अंथरूण मीटरच्या भिंतीपासून आणि फ्रीजपासून तीन-चार फूट सरकवा; पैसा लागत नाही. चार्जर उशाला नको. रात्री दिवा, टीव्ही लवकर बंद करा. झोपेची तक्रार महिनाभर राहिली तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लॉकेटचे पैसे गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, कडधान्यावर खर्च करा.

आणि बंधूंनो, रात्रीची भांडी व पहाटेचे पाणी तुम्ही भरा. समतेची सुरुवात घरातून होऊ द्या. जयभीम!