जून झालेले मक्याचे कणीस

परसातील गोड मक्याची कणसे वेळेत खुडली नाहीत, की दाण्यातील साखरेचे पिष्ट बनते व साल चिवट होते. नखाने दाबल्यास दुधाऐवजी कणकेसारखा गर येतो. असे कणीस मंदाग्नी रुग्णाने भाजून खाल्ल्यास आध्मान ठरलेलेच.

मका मूळचा अमेरिकेतील. बृहत्त्रयीत त्याचे वर्णन नाही. तथापि चरकोक्त अष्ट आहारविधिविशेषायतनांपैकी ‘करण’ येथे मार्गदर्शक ठरते. मेक्सिकोत पक्व मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल चोळून काढून दळतात. त्यामुळे दाण्यातील बद्ध नायसिन शरीरास उपलब्ध होते. हाही संस्कारच! घरच्या चार कणसांसाठी एवढा खटाटोप नको. ती किसावीत, बरीचशी साल दांड्यालाच राहते. तुपात जिरे, हिंग, आले घालून कीस पाणी शिंपडत मऊ शिजवावा. इंदुरी भुट्ट्याच्या किसात दूध घालतात. लवणयुक्त पदार्थात दूध आम्ही सुचविणार नाही.

मक्याचे केस मूत्रल म्हणून औषधालयांत घेतले जातात. पावसाळी ओलीत काळवंडलेले, बुरशी आलेले केस व दाणे मात्र नाकारावेत. अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्याने पूर्णतः नष्ट होत नाही.