पोकळ भिंतीचा पहारा

दोन प्रहरीं आकाशवाणीच्या बातम्या ऐकत असतां स्वयंपाकघरांत चटणीसाठीं मिक्सर सुरू झाला, कीं निवेदकाचा आवाज खरखरींत बुडून जातो. मध्यम लहरींचा जुना रेडिओ ज्यांनीं अद्याप जपला आहे, त्यांस हा अनुभव असेलच. आम्ही प्रथम सूनबाईंवर रागावत असूं. वास्तविक अपराधी निराळाच होता. मिक्सरच्या मोटारींत कर्बाचे ब्रश फिरत्या भागास घासतात, बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीसरशीं विद्युच्चुंबकीय लहरी चोहोंकडे पसरतात. रेडिओंत त्या शिरल्या तर बातमी हुकते, एवढेंच; पण विमानाच्या दिशादर्शक यंत्रांत किंवा एखाद्या गृहस्थाच्या छातींतील पेसमेकरमध्यें असा आगंतुक व्यत्यय शिरल्यास गोष्ट जिवावर बेतूं शकते. म्हणून अशा यंत्रांस कवच घालावें लागतें.

कवचाचें तत्त्व जुनें आहे. मायकेल फॅरेडे यांनीं १८३६ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें बारा फूट लांब, रुंद व उंच अशी एक खोली उभारून ती धातूनें मढविली, तीस बाहेरून जबर विद्युद्भार दिला, आणि आपण स्वतः आंत जाऊन बसले! बाहेर ठिणग्या उडत असतां आंतील नाजूक मापकांस विजेची चाहूलहि लागली नाहीं.

तेव्हांपासून पहारा धातूकडे आहे. परंतु धातु जड. आणि विमानांत किंवा उपग्रहांत तोळ्यातोळ्याचा हिशेब असतो. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. धातूचा पत्रा लहर गिळीत नाहीं, बहुतांशीं परतवून लावतो. ती मग जवळच्या दुसऱ्या यंत्रास छळते. आपल्या दारचा केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटण्यासारखेंच हें झालें.

यावर शास्त्रज्ञांनीं योजिलेला उपाय मोठा मौजेचा आहे. भिंत भरीव न करतां सच्छिद्र करावयाची! ग्राफीन म्हणजे कर्बाचा एकाच अणूइतक्या जाडीचा थर. त्यांतून वीज उत्तम वाहते. २०१३ सालीं चीनमधील शेनयांग येथील संशोधकांनीं निकेलच्या फेसाळ सांगाड्यावर हें ग्राफीन चढविलें आणि आंतील निकेल विरघळवून काढलें. जाळीस आधार म्हणून सिलिकोन रबराचा पातळ लेप होता. या फेसाचें वजन एका घन सेंटिमीटरास अवघें ०.०६ ग्रॅम, म्हणजे तांब्याच्या सुमारें दीडशेंवा हिस्सा. तरी त्याची रोधकता ३० डेसिबेल भरली. याचा अर्थ, आलेल्या शक्तीचा हजारावा भाग तेवढा पलीकडे गेला. तितकाच जाड तांब्याचा पत्रा याहूनहि अधिक अडवील, हें कबूल केलें पाहिजे. पण वजनास वजन लावून पाहतां तांबें मागें पडतें.

छिद्रांतून लहर निसटत कशी नाहीं? छिद्रें लहरीच्या लांबीच्या मानानें फारच लहान असतात व भोंवतालच्या भिंती वीजवाहक असतात. आंत शिरलेली लहर एका भिंतीवरून दुसरीवर आदळत राहते. दर खेपेस भिंतींत बारीक प्रवाह उठतात आणि तिची शक्ति उष्णतेच्या रूपानें जिरते. नवख्या माणसानें जुन्या पुण्यांतील बोळांत शिरावें, तशी तिची गत होते.

पोकळीचें हें श्रेय केवळ तर्कावर सोडलेलें नाहीं. टायटेनियम व कर्ब यांपासून झालेल्या मॅक्सीन नांवाच्या पदार्थाची ओळख जगास २०११ सालीं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठांतून झाली. २०१७ सालीं चिनी संशोधकांनीं त्याच्या पातळ पापुद्र्यावर हायड्रॅझीनची क्रिया केली. आंत वायु सुटून, तव्यावरचा फुलका फुगावा तसा तो थराथरांनीं फुगला. साध्या पापुद्र्याची रोधकता ५३ डेसिबेल होती, ती फुगल्यावर ७० झाली. म्हणजे पलीकडे झिरपणारी शक्ति पन्नासाव्या हिश्श्यावर आली. द्रव्य नवें घातलें नव्हतें, शिरली ती पोकळीच. शिवाय मॅक्सीनला दमट हवा मानवत नाहीं, ती हळूहळू गंजते. फुगविलेला पापुद्रा मात्र पाणी अंगाला लावून घेत नाहीं. आमच्या कोंकणांतील आषाढांत तो कितपत टिकेल, हें मात्र पाहण्यासारखें आहे.